शेजारच्याचा स्वर ऐकत आपला धरणं: कोकणातल्या निवासी लोकगीत शिबिराची आखणी

प्रश्न असा आहे: मे महिन्यात मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात १३ ते १७ वयाच्या ३६ मुलामुलींसाठी दोन आठवड्यांचं निवासी शिबिर घ्यायचं आहे. जॉर्जिया, बल्गेरिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका अशा ठिकाणची लोकगीतं शिकवायची आहेत. काही मुलं भजनात गाणारी, काही शास्त्रीय शिकणारी, काही अगदी कोरी. गाणी किती घ्यावीत, दिवस कसा आखावा, कुठे बिघडतं?

आधी गाण्यांचा आकडा ठरवा, बाकीचं सगळं त्यावर बसतं. १४ दिवसांत ९ गाणी, फार तर १०. पहिल्यांदा शिबिर घेणारे २०-२२ गाण्यांची यादी करतात, प्रत्येक खंडातलं एकेक. मग शेवटच्या दिवशी मुलं वीस भाषांतले शब्द एकाच चालीत म्हणून दाखवतात. ते पाठांतर झालं. या गाण्यांचा जीव आहे तो एकाच वेळी दोन-तीन वेगळ्या स्वरांवर माणसं उभी राहण्यात, आणि आपल्या मुलांना नेमकं हेच नवं असतं. भजन, आरती, जाखडी, गौरीची गाणी, सगळीकडे बुवा किंवा पुढची बाई सुरुवात करते, बाकीचे झेलतात, पण चाल एकच. शेजारचा वेगळा स्वर लावतोय, तो बरोबर आहे आणि मीही बरोबर आहे, हे कानाला पटायला चार-पाच दिवस जातात. गाणी कमी ठेवली तरच ते दिवस मिळतात.

वाटणी अशी करा: जॉर्जियाची ३, बल्गेरियाची २, दक्षिण आफ्रिकेची २, अमेरिकेतल्या शेप-नोट (स्वर आकारांनी लिहिण्याच्या) परंपरेतलं १ आणि कोकणातलं १. पाचवा देश नको. एका परंपरेतलं एकच गाणं शिकवलं की मुलांना त्या गाण्याची चाल कळते, दुसरं शिकवलं की त्या लोकांच्या आवाजाची जात कळते. मंगोलियाच्या खूमीचा मोह सोडा. घशातून दोन स्वर काढण्याचं ते तंत्र जाणता गुरू समोर नसताना कोवळ्या आवाजाने करून बघणं म्हणजे आठवडाभराची घसादुखी. ऐकवा, पण करून घेऊ नका.

पहिल्या संध्याकाळी गायला लावू नका, ऐकवा. १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर जॉर्जियाचं एक कोरसगीत आहे, बल्गेरियाच्या डोंगरातलं एका बाईच्या आवाजातलं गाणं आहे, आणि फोंड्याजवळच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. तिन्ही लागोपाठ लावा आणि एकच प्रश्न विचारा: एका वेळी किती स्वर ऐकू आले? केसरबाईंच्या मागे तानपुऱ्याचा आधार आहे आणि जॉर्जियाच्या गाण्याखाली माणसांचा. ही खूण पुढचे १३ दिवस कामाला येते, कारण शिकवण्याची वाट तानपुऱ्यापासूनच सुरू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाचा आवाज तपासा. माणशी चार मिनिटं लागतात. ३६ मुलांना तीन शिक्षकांत वाटलं तर पाऊण तासात होतं. तपासणी पडवीत घ्या: बाकीच्या मुलांना ऐकू जाणार नाही, पण दुसरा मोठा माणूस बघत असेल अशी जागा हवी. बंद खोलीत एकटं मूल आणि एकटा शिक्षक हा प्रकार शिबिरात कुठेच नसावा. आधी २० ते १ असे उलटे आकडे बोलायला लावा. बोलण्याची पट्टी सापडते. तिथून सूर खाली न्या, मग वर न्या, आणि कुठे आवाज सहज लागतो ते वहीत टिपा. टोकाचा स्वर किती गेला याला महत्त्व नाही, सहज राहतो तो पट्टा महत्त्वाचा.

१३-१५ वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि स्नायूंना नव्या मापाची सवय झालेली नसते. अशा मुलाकडे काही महिने पाच-सहा स्वरांचाच भरवशाचा पट्टा उरतो. घरी त्याला ‘तुझा आवाज गेला’ असं ऐकायची सवय झालेली असते. त्याला बाजूला बसवू नका, टाळ्या वाजवायला तर मुळीच देऊ नका. त्याच्या पाच स्वरांत बसेल अशा पट्टीत गाणं लावा आणि आधारस्वर त्याच्याकडे सोपवा. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, फक्त कमी जाणवतो. आवाजात हवा मिसळल्यासारखी वाटते. तिला ‘मोठ्याने गा’ म्हटलं की ती घसा आवळते. हवा वर्षा-दोन वर्षांत आपोआप कमी होते, आवळायची सवय मात्र राहते.

पट्टीबद्दल एक सूचना. आपल्याकडे पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून मुली काळी चार-पाच आणि मुलगे काळी एक-दोन असं ठरलेलं असतं. तीन आवाजांच्या गाण्यात हे चालत नाही. सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर बघून पट्टी ठरवावी लागते, आणि ती सकाळी एक, रात्री दुसरी असू शकते. सकाळी खर्ज सहज लागतो, वरचे स्वर नाहीत.

आता आधारस्वराचा रियाज. सुरपेटी लावा, सगळ्यांना सा द्या, उच्चार ‘आ’चा. दोन मिनिटं स्वर तुटू द्यायचा नाही. श्वास प्रत्येकाने वेगळ्या वेळी, चोरून घ्यायचा, आणि परत येताना हळू आवाजात येऊन मिसळायचं. हे जमलं की सुरपेटी बंद करा. मग अर्ध्या मुलांना पंचम द्या. सा-प स्थिर झाला की शिक्षकाने वरून ग, म, नि असे एकेक स्वर लावत फिरायचं. मुलांनी जागा सोडायची नाही. शेवटी रे लावायचा. इथे खोली थरथरते आणि शास्त्रीय शिकणारी मुलं हमखास तोंड वाकडं करतात, ‘बेसूर’ म्हणतात. त्यांना कारण सांगा. सा २२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २२० कंपनांचा, असेल तर शुद्ध रे २४७.५ चा. फरक २७.५. सेकंदाला सत्तावीस वेळा होणारी ही हेलकावणी कानाला खरखर वाटते. बल्गेरियातल्या सोफियाच्या आसपासच्या शॉप भागातल्या गायिकांना हीच खरखर हवी असते. जवळच्या दोन स्वरांची घसट त्यांच्या गाण्याचा प्राण आहे. मुलांना जोडीजोडीने समोरासमोर उभं करा, एकाने सा धरायचा, दुसऱ्याने ग वरून रे वर उतरून पाच सेकंद थांबायचं, मग सा वर मिळायचं. तिसऱ्या दिवशी तोंडं वाकडी होत नाहीत. पाचव्या दिवशी मुलं मधल्या सुट्टीत आपण होऊन हा खेळ करतात.

पेटीबद्दल ठाम मत सांगतो: गाणं शिकवताना पेटी बंद ठेवा. पेटीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग, चढा असतो. जॉर्जियाच्या गाण्यांतल्या स्वरांची अंतरं तर पेटीच्या कुठल्याच पट्टीत नीट बसत नाहीत. त्याहून मोठं नुकसान म्हणजे मूल पेटीला कान लावतं आणि शेजारच्याला सोडतं. सुरुवातीचा सा घ्या, पुढे माणसांवर सोपवा.

जॉर्जियाचं तीन आवाजांचं गाणं चौथ्या दिवशी घ्या. तिथे खालच्या आवाजाला बानी म्हणतात. मधला आवाज गाणं सांगतो, बहुतेक वेळा सुरुवातही तोच करतो. वरचा आवाज त्याला उत्तर देतो. शिकवताना बानी आधी, आणि ती सगळ्यांना, मुलींनासुद्धा. मग मधला आवाज सगळ्यांना. मग वरचा सगळ्यांना. प्रत्येकाला तिन्ही पार्ट पाठ झाल्याशिवाय गट पाडायचे नाहीत. यात ५० मिनिटांची तीन सत्रं जातात आणि व्यवस्थापकांना वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण ज्याला शेजारच्याचा पार्ट येतो तो त्याच्याकडे ओढला जात नाही. ज्याला तो परका असतो तोच वाहून जातो.

गट पाडल्यावर आधी तीन ढीग, तोंडं आत. दुसऱ्या फेरीत चालत चालत मिसळायचं, गाणं न थांबवता. तिसऱ्या फेरीत तिघांचे तुकडे, प्रत्येक पार्टचा एकेक. बऱ्याच जॉर्जियन गाण्यांत वरचे दोन आवाज एकेकट्याचे असतात आणि बानी सगळ्यांची. म्हणजे भिडस्त मुलाला एकट्याने गायची संधी मिळते, आणि खाली तीस जणांचा आधार असतो. जोडी दर कडव्याला बदला.

इथे तीन गोष्टी बिघडतात. पहिली, मुलं आपला पार्ट सांभाळायला कानात बोटं घालतात. पहिल्याच दिवशी बंद करा. कान बंद करून टिकवलेला स्वर कान उघडले की पडतो. दुसरी, एखादा खणखणीत आवाजाचा मुलगा अख्खा गट आपल्याकडे ओढतो. त्याला दाबू नका, गटाच्या मधोमध उभं करा आणि ‘दोन्ही बाजूंचा पार्ट ऐकू येईल इतकंच गा’ एवढंच सांगा. तिसरी, सगळ्यांची पट्टी मिळून उतरते. दुपारी तर उतरतेच. दमलेली मुलं मांडी घालून पाठ टाकून बसलेली असतात, चाल खाली येताना प्रत्येक स्वर केसभर जास्त खाली पडतो, आणि चार कडव्यांत पट्टी अर्धा स्वर खाली गेलेली असते. ओरडून ती चढत नाही. उभं करा, आधारस्वर अर्धी पट्टी वर द्या, पाणी प्यायला लावा. जॉर्जियाच्या स्वानेती भागात उलटं घडतं: काही गाण्यांत मूळ स्वरच हळूहळू वर सरकत जातो, आणि ते तिथे चूक मानत नाहीत. त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रण ऐकून ‘हे तर पट्टी सोडतायत’ असं शिकवणाऱ्याने मुलांसमोर म्हणू नये.

भजनात आणि शास्त्रीय गाण्यात तयार झालेली मुलं आणखी एक अडचण आणतात, हरकत-मुरकीची. दोन स्वर एकमेकांवर उभे असताना एकाने मींड घेतली, म्हणजे स्वर घसरवत नेला, की दुसऱ्याचा पायच घसरतो. स्वर सरळ ठेवायला सांगा, पण त्यांचं गाणं चुकीचं आहे असा सूर लावू नका. कोकणातल्या गाण्याच्या सत्रात त्यांनाच पुढे करा.

बल्गेरियाच्या बायकांचा खुला, भेदक आवाज ऐकून मुली घसा दाबून त्याची नक्कल करतात. तसा तो निघत नाही. पलीकडच्या वाडीतल्या माणसाला हाक मारताना जो आवाज लागतो, तो पकडा. ‘ओऽऽ’ अशी हाक, मग तीच हाक एका स्वरावर लांबवायची, मग त्यावर शब्द. एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसाला एकूण १२ मिनिटं, त्याहून जास्त नाही. मानेच्या शिरा ताठ दिसल्या, गाणं संपताच खोकला आला, दुसऱ्या सकाळी बोलणं घोगरं लागलं, तर त्या मुलीला हाकेचा आवाज दोन दिवस बंद. घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला पालकांना लेखी कळवा. आवाज बसलेल्या मुलाला कुजबुजत बोलायला सांगू नका. कुजबुजण्यानेही घशाला ताण पडतो. मौन किंवा हळू, साधं बोलणं.

ताल मात्र आपल्या मुलांना लवकर येतो. बल्गेरियाचा राचेनित्सा सात मात्रांचा, २+२+३. आपला रूपकही सातचाच, पण ३+२+२. तबल्यावर बसणारा मुलगा सुरुवातीला सम चुकीच्या जागी धरतो. त्याला रूपकाची तिसऱ्यानंतरची मात्रा पहिली मान, असं सांगितलं की पाच मिनिटांत बसतं. बाकीच्यांना चालवून शिकवा: दोन आखूड पावलं, एक लांब. तोंडाने ‘ताका ताका ताकिटा’.

दक्षिण आफ्रिकेची गाणी पायापासून सुरू करा. आधी दहा मिनिटं नुसती पावलं, मग पावलांवर शब्द, मग स्वर. कागद देऊच नका. आणि ही गाणी कुठून आली ते सांगितल्याशिवाय शिकवू नका. झुलू मजूर गावाबाहेर, शहरांत आणि खाणींच्या वसतिगृहांत राहिले तिथे इसिकाथामियासारखे साथीशिवायच्या समूहगानाचे प्रकार घडले. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तर लोक मोर्चात आणि अंत्ययात्रेत गायले. अशा गाण्यावर हसत उड्या मारणारी मुलं बघून वाईट वाटतं, आणि दोष मुलांचा नसतो.

शेप-नोट पद्धत मुलांना आवडते, कारण ती सरगमसारखी आहे. शब्दांआधी फा-सोल-ला-मी या नावांनी गाणं म्हणायचं. प्रत्येक नावाला ठरावीक आकार: फा त्रिकोण, सोल गोल, ला चौकोन, मी पतंगी. याच चार आकारांत छापलेला द सेक्रेड हार्प हा संग्रह १८४४ चा. गाणारे पोकळ चौकोनात, चार बाजूंना चार पार्ट असे बसतात, आणि मधे उभं राहून प्रत्येकाने आळीपाळीने हात वर-खाली करत ताल द्यायचा. श्रोते नसतातच. आपल्या मुलांना ‘कार्यक्रमात सिलेक्शन’ ही कल्पना इतकी सवयीची असते की श्रोत्यांशिवायचं गाणं त्यांनी एकदा अनुभवावंच.

भाषेची भीती असते ती शिक्षकांना. देवनागरीमुळे आपलं काम सोपं आहे. बल्गेरियन भाषेत एक स्वर थेट आपल्या ‘अ’सारखा आहे. जॉर्जियन भाषेत हवा सोडून म्हणायचे आणि हवा अडवून म्हणायचे क-त-प वेगळे आहेत. रोमन लिपीत ते एकसारखे दिसतात, देवनागरीत ख-क, थ-त असे वेगळे लिहिता येतात. चहातला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ हा फरकही जॉर्जियनला लागतो आणि मराठी मुलाला तो घरचाच आहे. फक्त फलकावर दुसऱ्या च खाली टिंब द्या. झुलूतले सी, एक्स आणि क्यू या रोमन अक्षरांनी लिहिले जाणारे टिचकीचे तीन उच्चार असेच: हळहळताना आपण ‘च् च्’ करतो तो सी, बैल हाकताना जिभेची कड दाढेपासून सोडतो तो एक्स, टाळूवरून जीभ खाली आपटून ‘टॉक’ काढतो तो क्यू. आधी ओळ तालात बोलायची, तीनदा. मग गायची. शब्द मोठ्या कार्डशीटवर भिंतीला लावा आणि चौथ्या दिवशी ती कार्डशीट उतरवा. डोळे भिंतीवर असले की कान मिटतात.

त्या देशातला गायक आणता आला तर उत्तमच, पण मानधन घेऊन शिकवायचं असेल तर पर्यटक व्हिसा चालत नाही, आणि परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत राहायची जागा देणाऱ्याने त्याची नोंद सरकारकडे करावी लागते. नाहीतर ऑनलाइन दोन सत्रं घ्या, तासाची. एकत्र गाणं ऑनलाइन जमत नाही, आवाज पोचायला लागणारा वेळच ताल मोडतो. तिकडून ओळ यावी, इकडे माईक बंद ठेवून मुलांनी म्हणावी, मग एकेक तुकडा माईक चालू करून ऐकवावा. नेट त्याच जागी, त्याच वेळेला, आठवडाभर आधी तपासा.

आता जागा. पोस्टरवर समुद्रकिनारी गाणारी मुलं छान दिसतात, पण किनाऱ्यावर गाण्याचा वर्ग घेऊ नका. गाज सगळ्या पट्ट्यांतले स्वर झाकते, मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि नकळत ती ओरडू लागतात. अर्ध्या तासात घसे बसतात. गाज ऐकू येणार नाही इतकी आत, सुरूच्या बनामागे किंवा वाडीत, जागा शोधा. चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं सगळ्यात चांगली: उंच उतरतं छप्पर, वारा खेळता, आवाजाला गोलाई. पत्र्याचा मंडप दुपारी भट्टी होतो आणि वळीव आला की एक शब्द ऐकू येत नाही. स्लॅबच्या सभागृहात आवाज घुमत असेल तर मागच्या भिंतीवर गोधड्या आणि चटया टांगा. ३६ मुलं हाताच्या अंतरावर गोल उभी राहिली तर माणशी दोन फूट धरून ७२ फूट परीघ, म्हणजे २३ फुटांचा व्यास. खोली ३० बाय ३० फूट हवी. पंखे हळू ठेवा. जोरात फिरणारा पंखाही गाजेसारखंच काम करतो.

दिवस उन्हाकडे बघून आखा. मे महिन्यात तापमापक ३३-३४ दाखवतो, पण दमट हवेत घाम सुकत नाही आणि ११ नंतर मुलं ढेपाळतात. पावणेसातला अंग मोकळं करणं आणि आवाज तापवणं, ४० मिनिटं. न्याहारी. साडेआठ ते अकरा नवीन गाणं, मधे अर्धा तास सुट्टी. साडेबाराला जेवण. एक ते साडेतीन झोप किंवा मौन. गाणं, शिट्ट्या, किंचाळणं, सगळं बंद. चार ते सव्वापाच पार्टचे वेगवेगळे गट. मग समुद्र. सव्वासातला जेवण, साडेआठ ते साडेनऊ शिकलेलं गाणं म्हणणं, नवीन काही नाही. दहाला दिवे बंद. गाण्याचे एकूण चार-साडेचार तास होतात आणि या वयाला तेवढेच पुरे. आवाज बसतो तो वर्गात कमी, खोल्यांतल्या आरडाओरड्यात आणि बसमधल्या अंताक्षरीत जास्त. हे पालकांच्या पत्रातच लिहा.

जेवणाबद्दल समजुती बऱ्याच आहेत. गार पाण्याने आवाज जात नाही. पाणी स्वरतंतूंना लागतही नाही, ते रक्तातून पोचतं. म्हणून गाताना घोट घेण्यापेक्षा सकाळपासून पीत राहणं महत्त्वाचं. माणशी चार लिटर धरा. रात्री उशिरा तिखट-तेलकट खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल वर येऊन घसा सकाळी खवखवतो, म्हणून रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं: पेज, मुगाची खिचडी, कुळथाची पिठी-भात. सोलकढी दुपारी. न्याहारीला घावणे-चटणी किंवा आंबोळी. तांदूळ माणशी, जेवणागणिक १२५ ग्रॅम. मोठी माणसं धरून ४८ जणांना ६ किलो. काजूचे बोंडू मात्र जपून. ते घसा धरतात, आणि बागेत मोकळी सोडलेली मुलं ते खातातच. संध्याकाळच्या सत्राला निम्मा वर्ग खोकत असेल तर आधी बागेत चौकशी करा.

वापरायच्या पाण्याचा हिशेब पैसे भरण्याआधी करा. माणशी ८० लिटर धरले तर रोज सुमारे ३,८०० लिटर. मे महिन्यात कोकणातल्या विहिरींचा तळ दिसतो. मालक ‘पाणी भरपूर’ म्हणतो ते चार पाहुण्यांच्या हिशेबाने. विहीर मे महिन्यातच बघा, आदल्या वर्षी. वीज जाते, तेव्हा टाकी दिवसा भरलेली हवी.

सहा-सात मुलांमागे एक मोठं माणूस. मुलींच्या खोल्यांजवळ रात्री बाईच. सगळ्या मोठ्यांची, स्वयंपाक्यासकट, पोलीस पडताळणी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती एक तास देऊन सगळ्यांकडून लेखी घ्या, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलांना दिसेल असा भिंतीवर लावा. फुरसं हा विषारी साप कोकणात भरपूर. अंधारात टॉर्च आणि चप्पल सक्तीची, अंथरूण झाडून घालायचं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे फोनवर न विचारता जाऊन बघा. रुग्णवाहिकेसाठी १०८. समुद्रात घोट्यापर्यंत, तेही ओहोटीला आणि गावातला मच्छीमार सोबत असताना. भरतीचा ढोबळ हिशेब तिथीला पाऊणने गुणून काढतात: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. वेळापत्रक करताना पंचांग समोर ठेवा, कारण भरती रोज पाऊणेक तास पुढे सरकते.

तारखा ४ ते १७ मे. त्यापुढे जाऊ नका. एरवी तळकोकणात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला होता. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात चाकरमान्यांची गर्दी असते, म्हणून मार्चच्या सुरुवातीला त्याच सकाळी तिकिटं काढा. कुडाळ किंवा सिंधुदुर्ग स्थानकावर उतरून पुढे बस.

तिसऱ्या-चौथ्या रात्री घरची आठवण उफाळते. फोन जमा करून रोज ठरलेली ३० मिनिटं द्या, पण ती रात्री नकोत. रडून झोपलेल्या मुलाचा सकाळी आवाज लागत नाही. जेवणाआधीची वेळ बरी.

कोकणातलं नववं गाणं पुस्तकातून घेऊ नका. गावातल्या बायकांना बोलवा: फुगडीची, गौरीची, धालोची गाणी म्हणणाऱ्या. धालोत बायकांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने गातात. जॉर्जियाच्या गुरिया भागात मका खुरपताना दोन गट असेच उत्तर-प्रत्युत्तर गातात, फक्त त्या नादुरी गाण्यांत आवाज चार असतात. नागालँडच्या फेक जिल्ह्यातले चाखेसांग शेतकरीही शेतात काम करताना वेगवेगळे आवाज मिसळून गातात. हे तिन्ही एका संध्याकाळी ऐकवले की मुलांना आजीच्या भातलावणीच्या वेळच्या गाण्यांची आठवण होते, आणि घरी गेल्यावर ती आजीला विचारतात. एखादं गाणं ‘हे शिमग्यातच म्हणायचं’ असं कोणी म्हणालं तर आग्रह करू नका. तसंच दुसऱ्या देशांचं: जे विलापगीत किंवा पूजेचं गाणं आहे ते रंगमंचावर आणू नका. आणि गावच्या गाण्याला जॉर्जियाची बानी चिकटवायची हौस कोणाला आलीच, तर आधी त्या बायकांना विचारा.

शेवटचा कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पडवीत, माईकशिवाय, तासाभराचा. मंडळी १५० च्या आत असतील तर ३६ आवाज पुरतात. ध्वनिक्षेपक लावलाच तर दहाच्या आत बंद. सहा गाणी म्हणा, तीन सोडून द्या. कुठली सोडायची ते मुलांना ठरवू द्या. गावातल्या बायकांनी मधे गावं, शेवटी नव्हे, आणि त्यांचं मानधन गाण्याआधी पाकिटात द्या, शिक्षकांना देता त्याच हिशेबाने. ध्वनिमुद्रण त्यांची परवानगी घेऊनच करा. त्याची पहिली प्रत त्यांच्याकडे जाऊ द्या, आणि मुलांना घरी पाठवायच्या फायलींत तिन्ही पार्ट वेगवेगळे द्या, म्हणजे घरी भावंडाला एक शिकवून दुसरा आपण धरता येईल.